मिस्त्रींची चूडी

पेनच्या झाकणाला जे आटे असतात, त्यांना गोंदियाच्या बाजारात चूडी म्हणतात. चूडी घासली, चूडी बसेना, नवी चूडी पाडून द्या. बांगडीलाही इथे हाच शब्द. मी चार वर्षं दोन्ही सांभाळल्या, आणि दोन्हींचं श्रेय किंवा दोष द्यायला लोक तयारच होते. श्रेय दुसऱ्याला, दोष मला.

इंग्रज गेले तेव्हा त्यांचे विलायती पेन इथल्या वकिलांकडे आणि मालगुजार जमीनदारांकडे राहिले. सुटे भाग मात्र मिळेनासे झाले. माझे यजमान ते भाग घरी करत. त्यांना सगळे मिस्त्री म्हणत. पुढच्या खोलीत दुकान, मागच्या खोलीत पायाने फिरवायचा खराद, म्हणजे कातायचं यंत्र. एबोनाइटचा, म्हणजे कडक रबराचा, काळा दांडा कातून त्यातून झाकण, निबखालची जीभ, निब धरणारा गळा. वही माझ्याकडे होती: पेन कोणाचा, कोणता भाग, जाडी किती, इंचात आटे किती. मापं वाचून दाखवायला मी खरादाजवळ उभी असे. बघून बघून काम समजलं.

राज्यांची फेररचना होऊन गोंदिया मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेलं, त्या वर्षी त्यांचा उजवा हात थरथरू लागला. चूडी पाडताना कंगव्यासारख्या दातांचं हत्यार फिरत्या दांड्यावर टेकवून एका चालीने सरकवायचं असतं. हात हलला की एकावर एक दोन चुड्या पडतात आणि दांडा वाया जातो. त्यांचे नऊ दांडे वाया गेले. दहावा मी कातला. त्यांनी झाकण लावून पाहिलं, काढून पाहिलं. दुसऱ्या दिवशी खरादासमोरचं स्टूल माझ्या उंचीचं करून ठेवलेलं होतं. गिऱ्हाइकांना सांगायचं नाही, एवढं त्यांनी ठरवलं. मी मान डोलावली. ती माझी चूक.

काचेच्या बांगड्या खरादाजवळ चालत नाहीत. एक पट्ट्यात अडकून फुटली आणि मनगट कापलं, तेव्हापासून कामाला बसताना मी त्या डब्यात काढून ठेवू लागले. सासूबाईंनी शेजारणींसमोर विचारलं, "काऊन भुंडे हात घेऊन बसून राह्यलीस? माहा लेक जिता हाये अजून."

शेजारणी एकमेकींकडे बघून हसल्या. यजमान पुढच्या खोलीत निब पुसत होते. मधलं दार उघडं होतं. त्यांना ऐकू गेलं होतं, कारण पुसणं क्षणभर थांबलं. मग पुन्हा सुरू झालं.

भर उन्हाळ्यात ते गेले. तेरवी झाल्यावर मी दुरुस्तीला आलेल्या पेनांचा डबा उघडला, यादी केली. सात पेन होते. सहा तयार, सातवा आमच्या जुन्या गिऱ्हाइकाचा, वकीलसाहेबांचा, त्याचं झाकण व्हायचं होतं. त्याला तीन तोंडांची चूडी होती, म्हणजे तीन आटे शेजारी शेजारी सुरू होतात आणि सव्वा फेऱ्यात झाकण बसतं. तिसऱ्या प्रयत्नात जमलं.

लोक येऊन पेन घेऊन गेले. मिस्त्रींचं शेवटचं काम म्हणून एकाने पेन कपाळाला लावला. सहा वेळा मी गप्प राहिले. वकीलसाहेबांनी झाकण लावलं, काढलं, पुन्हा लावलं.

"ही चूडी बघा, बाई. लोण्यासारखी फिरून राहिली. मिस्त्रींचा हात आता गोंदियात होणे नाही."

"ती मी पाडली, वकीलसाहेब. सोमवारी." आणि वही पुढे केली. गेल्या चार वर्षांत कोणत्या पेनला कोणाचा हात लागला, ते प्रत्येक ओळीत लिहिलेलं होतं.

त्यांनी पानं चाळली. आपला पेन त्यात तीनदा दिसला असणार. वही मिटून त्यांनी झाकण पुन्हा फिरवलं, या वेळी कानाशी धरून.

"तरीच," ते म्हणाले. "जराशी ढिली वाटूनच राहिली होती."

पंधरा दिवसांत ही गोष्ट कचेरीभर झाली. ज्यांचे पेन वर्षानुवर्षं नीट चालत होते, त्यांचेही गळू लागले. दुरुस्तीला नागपूरला जाऊ लागले. माझ्याकडे एकही आला नाही.

खराद मी विकला नाही. धानकापणीच्या विळ्यांना मुठी लागतात, त्या कातते. मुठीला चूडी पाडावी लागत नाही. बांगड्या काढून ठेवण्याचाही आता प्रश्न नाही. सासूबाई दारात बसलेल्या असतात, माझ्या मनगटांकडे बघतात, आणि काही विचारत नाहीत.