दुसरी गाडी, दुसऱ्या कंपनीची

आमच्या दारात दोन गाड्या उभ्या असतात. दोन्ही विजेवर चालणाऱ्या, दोन्ही वेगवेगळ्या कंपन्यांच्या. करडी आहे ती यांची, म्हणजे माझ्या नवऱ्याची. लाल आहे ती माझी. सोसायटीतले लोक येता-जाता विचारतात, "एकाच कंपनीच्या का नाही घेतल्या? सोयीचं पडलं असतं." पडलं असतं, मला ठाऊक आहे. कोणाच्या सोयीचं पडलं असतं, तेही ठाऊक आहे. म्हणूनच नाही घेतली.

करडी गाडी आली तेव्हा हे नुकतेच निवृत्त झाले होते. जन्मभर बँकेच्या शाखा सांभाळलेला माणूस, घरी बसल्यावर सांभाळायला काही उरलंच नाही. मुलगा पुण्याला, आणि मी सकाळी उठून सावलीला जाणार. सावलीजवळ रंगांचा कारखाना आहे, त्याच्या प्रयोगशाळेत मी काम करते. तयार झालेल्या प्रत्येक बॅचचा रंग मूळ नमुन्याशी ताडून बघायचा, जुळला तर पुढे सोडायचा. लग्नाच्या आधीपासून हेच करत आले आहे आणि मला ते आवडतं. आमचं घर तरसालीला, म्हणजे सावली बडोद्याच्या अगदी दुसऱ्या टोकाला, त्याच्याही पुढे. पण कारखान्याची बस यायची, त्यामुळे अंतराचा कधी बाऊ केला नाही.

मग ती बस बंद झाली. त्याच आठवड्यात हे म्हणाले, "आता सोडूनच दे ना नोकरी. पुष्कळ झालं. उन्हातान्हात कशाला धडपडायचं?"

मी म्हटलं, "बस बंद झाली आहे. कारखाना चालू आहे."

गाडी मला चालवता येत होती. आमची जुनी पेट्रोलची गाडी मीच जास्त चालवायचे. तेव्हा मी करडी गाडी घेऊन जायला लागले. यांनी नाही म्हटलं नाही, किल्ली हातात दिली. पण त्या गाडीचं एक ॲप होतं आणि ते यांच्या फोनमध्ये होतं. गाडी कुठे आहे, किती वेगाने चालली आहे, बॅटरी किती उरली, दार उघडं आहे की बंद, सगळं यांना तरसालीत सोफ्यावर बसून दिसायचं.

दुपारी फोन यायचा. "दुमाड चौकडीला एवढा वेळ का थांबलीस?" थांबले नव्हते, ट्रक आडवा होता. "पाणीगेटला काय काम होतं?" काम काही नव्हतं, सेवउसळ खायची इच्छा झाली होती. "आणि तुझी ॲसिडिटी?" संध्याकाळी जेवताना तर अहवाल वाचून दाखवायचे. आज ब्रेक फार मारलेस, आज हायवेवर वेग जास्त होता, आज एसी विनाकारण जोरात होता. आणि सगळ्याच्या शेवटी ठरलेलं वाक्य, "एवढा जीव काढण्यापेक्षा सोडून दे ती नोकरी." बँकेत कधी काळी हाताखालच्या लोकांचे असे अहवाल हे बघत असतील, मला त्याचं काही नाही. पण मी यांच्या हाताखाली नव्हते.

तरी मी सहन केलं, कारण मला गाडी हवी होती. मे महिन्यापर्यंत केलं.

मे महिन्यात एकदा सावलीहून परत येताना घसा सुकला म्हणून रस्त्याच्या कडेला गाडी उभी केली. समोरच एक बाई शहाळी विकत होती. पाच पावलांवर तर जायचं होतं, म्हणून फक्त सुट्टे पैसे घेऊन उतरले. पर्स, फोन, किल्ली, सगळं सीटवर. शहाळं फोडून हातात आलं आणि मागून गाडीचा आवाज आला. खट्. आरसे आपोआप मिटले. दारं बंद झाली होती.

मी आधी घाबरले. गाडी बिघडली असं वाटलं. दार ओढून पाहिलं, काचेवर हात मारला. शहाळीवाली म्हणाली, "बेन, गाडी तो बंध थई गई. अंदर कोई छे?" आत कोणी नव्हतं. तिच्याच फोनवरून घरी फोन लावला.

हे म्हणाले, "हां, मीच बंद केली. ॲपवर दार उघडं दाखवत होतं. रस्त्यावर अशी उघडी गाडी ठेवतात का?"

"किल्ली आत आहे."

"थांब, उघडतो."

खट्. आरसे पुन्हा बाहेर आले. आणि फोनवर यांचा आवाज, अगदी कौतुकाने, "बघितलंस? घरबसल्या उघडून दिली!"

शहाळीवाली हसायला लागली. तिचा काही दोष नाही, हसण्यासारखंच होतं ते. ऊन डोक्यावर, हातात शहाळं, आणि वयाची पन्नाशी ओलांडलेली बाई स्वतःच्या गाडीत शिरायला नवऱ्याच्या फोनची वाट बघते आहे. माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली की शहाळं तसंच परत ठेवलं. गाडीत बसले आणि घरी पोहोचेपर्यंत ठरवून टाकलं.

रात्री जेवताना सांगितलं, "मी गाडी घेते आहे. माझ्या पगारातून, माझ्या नावावर. विजेचीच."

यांना आधी आनंद झाला. खोटं कशाला सांगू, खरंच झाला. लगेच फोन काढून म्हणाले, "आपल्याच कंपनीची छोटी गाडी आली आहे. दोन्ही गाड्या एकाच ॲपमध्ये बसतात."

"म्हणूनच दुसऱ्या कंपनीची घेणार."

मग सुरू झालं. मुलगा पुण्याहून व्हिडिओ कॉलवर आला आणि सर्व्हिस सेंटर एकच असलं की किती बरं, हे मला समजावू लागला. मला ते पटलं. पटूनही मी नाही म्हटलं. हे म्हणाले, "वेगळ्या कंपनीच्या गाडीला आपला चार्जर लागणारच नाही. भिंतीवर दुसरा डबा ठोकावा लागेल, सोसायटी परवानगी देणार नाही." हा मुद्दा यांना फार आवडला होता. जो भेटेल त्याला ऐकवत होते.

मी वाद घातला नाही. शोरूमला फोन करून त्यांची चाचणीची गाडी घरी मागवली. आमच्याच भिंतीवरच्या चार्जरची वायर काढली आणि हे बघत असताना त्या गाडीत खुपसली. दिवा हिरवा झाला. गाडी मुकाट्याने चार्ज व्हायला लागली.

"प्लग सगळ्यांचा सारखाच असतो," मी म्हटलं. हे वायरकडे बघत राहिले. एवढा विश्वासघात तिने करायला नको होता, असं काहीतरी चेहऱ्यावर होतं.

गाडी घ्यायला आम्ही दोघं गेलो. शोरूममधल्या मुलीने लाल कापड ओढलं, पेढे दिले, आणि फोन हातात घेऊन यांच्याकडे वळून विचारलं, "सर, ॲप चालू करवानी छे. ओटीपी कया नंबर पर मोकलुं?"

यांनी आपला नंबर सांगायला सुरुवात केली. सवयीने. मला आजही वाटतं की त्यांच्या मनात त्या क्षणी काही नव्हतं. गॅस, वीज, बँक, विमा, आमच्या घरातली प्रत्येक गोष्ट त्याच नंबरावर आहे. मीही इतकी वर्षं तोच नंबर सांगत आले होते. अर्धा नंबर सांगून झाला होता.

"मारा नंबर पर," मी म्हटलं. "गाडी मारी छे."

मुलीने यांच्याकडे पाहिलं. मी तिला म्हटलं, "एमनी सामे शुं जुए छे? लख." यांच्याकडे काय बघतेस, लिहून घे. आणि माझा नंबर सांगितला. तो सांगताना आवाज थोडा चढला असेल. चढू दे.

खरी गंमत पुढे होती. यांचे पणजोबा संस्थानच्या फौजेत होते. त्यांची तलवार पाणीगेटच्या घरी माझ्या धाकट्या दिरांकडे असते आणि खंडेनवमीला तिची पूजा होते. आमच्या घरात नवं वाहन आलं, मग ते सायकल का असेना, की घरातल्या मोठ्या पुरुषाने ते चालवत पाणीगेटला न्यायचं, किल्ली तलवारीच्या मुठीला टेकवायची, आणि मग ते वाहन घरचं झालं. बायकांनी ओवाळायचं. तलवारीला हात लावायचा नाही.

तेव्हा हे सरळ जाऊन ड्रायव्हरच्या सीटवर बसले.

"अहो, तिकडे," मी म्हटलं.

"अगं, पहिली फेरी घरातल्या मोठ्याने करायची असते. नंतर तूच चालव की."

"पहिली फेरी मीच करणार. तुम्ही तिकडे बसा, नाहीतर रिक्षाने या."

ते उतरले आणि तिकडच्या सीटवर बसले. पाणीगेटपर्यंत प्रत्येक वळणाला उजवा पाय दाबत होते. तिकडे ब्रेक नसतो.

घरी दिरांनी तलवार पाटावर काढून ठेवली होती, झेंडूचा हार घातला होता. मी आत आले तसा त्यांनी हात पुढे केला. "आणा वहिनी, किल्ली द्या. दादा टेकवेल."

"मी टेकवते, भाऊजी."

"वहिनी, आपल्यात बायका नाही टेकवत."

"का?"

ते विचार करू लागले. भला माणूस, खरोखरच कारण शोधत होते. शेवटी म्हणाले, "पहिल्यापासून असंच आहे."

"पहिल्यापासून बायकांच्या नावावर गाड्या नव्हत्या, भाऊजी."

मी खाली बसले आणि किल्ली मुठीला टेकवली. त्या घरात सून म्हणून आल्यापासून ती तलवार मी फक्त लांबून पाहिली होती. मूठ थंड होती आणि तिला तेलाचा वास येत होता. छत पडलं नाही. कोणाला चक्कर आली नाही.

मग प्रश्न आला ओवाळायचं कोणी. जाऊबाई माहेरी गेल्या होत्या. मी तबक उचलून यांच्या हातात दिलं. "आता तुम्ही ओवाळा."

यांनी तबक धरलं, माझ्याकडे पाहिलं, दिरांकडे पाहिलं आणि गाडीला उलट्या दिशेने ओवाळायला सुरुवात केली. दीर म्हणाले, "दादा, डावीकडून उजवीकडे." तेव्हा हे असे काही चिडले की निरांजन विझता विझता राहिलं. मला हसू आवरेना.

दुसऱ्या दिवसापासून मी लाल गाडीने सावलीला जाऊ लागले. फोन येईनासा झाला, कारण विचारायला काही दिसतच नव्हतं. संध्याकाळी जेवताना अहवाल नाही. हे खाली मान घालून जेवायचे. मला वाटलं, रुसले आहेत, बसू देत रुसून. आठवडाभराने स्वतःच बोलले.

"ते तुझं ॲप दोन फोनवर चालतं म्हणे."

"चालतं."

"मग?"

"मग काही नाही."

हे ताटाकडे बघत म्हणाले, "दिवसभर घरात कोणी नसतं. टीव्ही तरी किती बघायचा? तो गाडीचा ठिपका नकाशावर सरकताना दिसायचा, तेवढंच बरं वाटायचं. आता हायवेवर आली, आता घराकडे वळली."

हे मला नवीन होतं. इतके महिने मी त्याला पाळत म्हणत होते. ती पाळत होतीच, पण तिच्या पाठी हेही होतं, आणि ते मला दिसलं नव्हतं. फार वाईट वाटलं. माझा हात फोनकडे गेलासुद्धा.

पण ॲप दिलं नाही. एक माणूस घरात एकटा पडतो म्हणून दुसऱ्याने नकाशावरचा ठिपका होऊन राहायचं, हे मला मान्य नाही. प्रेमापोटी असलं तरी मान्य नाही. त्याच ठिपक्याला धरून रोज नोकरी सोडायचा विषय निघायचा, हे मी विसरले नव्हते. मी म्हटलं, "माझी विचारपूस करायची असेल तर मला करा. मी रोज संध्याकाळी घरीच येते."

काही दिवसांनी मी घरी आले तर चहा तयार होता, आलं जरा जास्तच पडलेला. समोर बसले आणि विचारलं, "काय झालं आज?"

कुठे होतीस, किती वाजता निघालीस, का थांबलीस, हे यांनी जन्मभर विचारलं होतं. काय झालं, हे मात्र कधी विचारलं नव्हतं. मी सांगितलं, की निळ्या रंगाची एक बॅच जरा हिरवट झाली होती. फार नाही, डब्यात बघून कळणार नाही इतकी. पण भिंतीवर लागली की कळते. ट्रक दारात उभा होता आणि प्लँटचे मोठे साहेब स्वतः प्रयोगशाळेत येऊन म्हणाले, सोडून द्या, गिऱ्हाइकाला काय समजतंय.

"मग? काय केलंस?"

"परत पाठवली. अख्खी बॅच. ट्रक रिकामा गेला."

यांनी कप खाली ठेवला. "साहेब समोर उभे असताना? एवढा अधिकार आहे तुला?"

"आहे," मी म्हटलं. "पहिल्यापासून आहे."