एस्केप, मग यू

मुदखेड स्टेशनच्या बाकावर लॅपटॉप मांडीवर घेऊन मी एका कॉलेजची प्रवेशयादी दुरुस्त करत होतो. मी वापरतो त्या काळ्या पडद्याच्या एडिटर प्रोग्रॅममध्ये माउस नाही, सगळा कारभार कळांवरच चालतो. एक कळ चुकली आणि अर्धी नावं गायब झाली. यादी तासाभरात लागायची होती. "मेलो!" मी मोठ्यानं म्हणालो.

शेजारी साठीच्या एक बाई सुपारी कातरत होत्या. त्यांनी चष्मा सरकवून पडद्यावर नजर टाकली.

"आधी हात काढ, लेकरा. टेलिफोन ऑफिसात मी ह्याच काळ्या पडद्यावर काम केलंय. एस्केप दाब, मग यू. एक पाऊल मागं जाशील."

नावं परत आली! आनंदाच्या भरात मी यू दाबतच राहिलो आणि सकाळपासूनच्या दुरुस्त्याही पुसल्या गेल्या.

"आरं थांब की! लई मागं जाऊन राहिलास. कंट्रोल धरून आर दाब, पुढं येशील."

दुरुस्त्या परत आल्या. मी फाइल सेव्ह केली.

"चूक निस्तरताना माणूस चांगलं केलेलंबी पुसतो बघ," त्या म्हणाल्या आणि आलेल्या गाडीत चढल्या.

संध्याकाळी घरी मी सकाळच्या भांडणाबद्दल बायकोची माफी मागितली आणि तिथंच थांबलो. लग्नापर्यंत मागं गेलो नाही.