सेमी इंग्रजी आणि चार पिंपं पाणी

ऐन दुष्काळात मी गावाच्या टँकरचं पाणी रस्त्यावर ओतलं, आणि त्या दिवसाचा मला आजही अभिमान आहे.

शिरूर कासारजवळच्या आमच्या गावात मी दूध संस्थेचा सचिव. त्या साली दूध आटलं होतं, सचिव तेवढा उरला होता! थोरली लेक सुजाता सातवीत, सेमी इंग्रजीला. म्हणजे गणित-विज्ञान इंग्रजीत, बाकी सगळं मराठीत. तोटा असा, की 'पावणेतीन लिटर' म्हटलं की ती माझ्याकडेच संशयानं बघायची. फायदा काय, ते मला अजून दिसलेलं नव्हतं. तरी गावभर सांगत मात्र हिंडायचो.

एके दिवशी निरोप आला, दिल्लीचं पथक दुष्काळ बघायला येतंय. गावाला टँकरची दिवसाला एकच खेप मिळायची. दुसरी मिळणार की नाही, ते या पाहणीवर ठरणार होतं.

आता पाहुणे येणार म्हटल्यावर दारात सडा नको? संस्थेसमोर घोटाभर फुफाटा! मी त्या दिवसाच्या खेपेतली चार पिंपं तिथं ओतायला लावली.

"आवं, पेयाला पाणी न्हाई अन् तुमी रस्ता कावून भिजवताय?" बायको कडाडली.

"दिल्लीचे पाव्हणे हायत! त्यांच्या बुटाला धूळ लागली तर गावाची अब्रू जाईल!"

गाड्या आल्या. तहसीलदार दुभाष्याचं काम करायला पुढे सरसावले. मी त्यांना अडवलं.

"सायेब, तुमी कशाला तरास घेता? आमची सुजाता हाय की!"

दिल्लीच्या साहेबांनी ओल्या रस्त्याकडे बघत इंग्रजीत काहीतरी विचारलं. सुजाता तोंड उघडणार, तेवढ्यात मीच छाती काढून म्हणालो, "येस सर!"

साहेबांनी वहीत लिहिलं. तहसीलदारांनी कपाळाला हात लावला.

"पप्पा," सुजाता कुजबुजली, "ते इचारतेत, गावात पाणी भरपूर हाय का?"

माझ्या पायाखालची जमीन सरकली. (ओलीच होती, सरकायला सोपी!)

"अगं, न्हाई म्हण! लवकर न्हाई म्हण!"

मग पोरगी जी सुटली! माणसं, जनावरं, लिटर, भागाकार, सगळं इंग्रजीत. मध्येच तिनं माझ्याकडे बोट दाखवलं. साहेब हसले. पुन्हा दाखवलं. अख्खं पथक हसलं. मीही हसलो. (सगळे हसत असताना एकट्यानं गंभीर राहणं बरं दिसत नाही.) साहेबांनी वहीतली ओळ खोडली आणि गावाचा रिकामा हौद स्वतः वाकून बघितला.

आठवड्यात दुसरी खेप सुरू झाली. बायाबापड्या सुजाताची दृष्ट काढायला घरी आल्या. त्या गेल्यावर मी तिला जवळ बोलावलं.

"पोरी, माझ्याकडं बोट करून काय सांगितलंस गं?"

"खरं तेच. हे पाणी माझ्या वडलांनी मोठेपणा दाखवायला ओतलं. त्यांना अक्कल थोडी कमी हाय, पर त्याची शिक्षा गावाला देऊ नका."

तोवर माझा गाढवपणा तालुक्याबाहेर कुणाला ठाऊक नव्हता. माझ्या लेकीनं तो थेट दिल्लीला पोचवला, तोही अस्खलित इंग्रजीत! सांगा, किती बापांचं नशीब एवढं थोर असतं?