गोणपाटावरचे चार दिवस

बिबडी करायच्या दिवसांत आमच्या घरात कोणाचं काही लपत नसे. ज्वारीचा घाटा पातेल्यात रटरटायचा, आम्ही बायका ओल्या धोतरावर बिबडी थापायचो आणि जिची पाळी आली ती मागच्या ओसरीत गोणपाटावर जाऊन बसायची. त्या उन्हाळ्यात माझी विधवा नणंद गोणपाटावर गेलीच नाही. पापड झाले, कुरडया झाल्या, बिबडी निघाली, तरी ही आपली रोज चुलीपाशी. खोटं बसायचंही सुचलं नाही त्या भोळीला. सासूबाईंच्या ते ध्यानात आलं आणि त्यांचा थापता हात थांबला.

आमच्यात विधवेचा पाट, म्हणजे दुसरं लग्न, लागत नसे. गावाला कळलं असतं तर आमचं पाणी तोडून वाळीत टाकलं असतं. पोटातलं कोणाचं, ते नणंदेनं सांगितलं नाही. सासूबाईंनी आधी शेजारणींची तोंडं बंद केली, म्हणजे तिला सरळ गोणपाटावर बसवलं. मग दाईला बोलावलं. पिंजाऱ्याच्या घरातली ही म्हातारी. आमच्याकडची सगळी बाळंतपणं तिच्याच हातची. सासूबाईंनी पोट पाडायचा काढा मागितला. दाईनं मान हलवली.

"ज्यानी दिधं त्यानीच लेवाव. मन्हा हात नही लागाव."

"आनि पोरनी तापीमा उडी टाकी त? ते पाप कोना पदरमा?"

रोज गुडघे चोळायच्या निमित्तानं दाई यायची आणि दोघी दबक्या आवाजात भांडायच्या. माझं डोकं फिरून जायचं. सकाळी सासूबाईंचं पटायचं, दुपारी दाईचं, आणि संध्याकाळी दोघींचा राग यायचा. घरात एका जागी बसवत नव्हतं. उगाच वाळलेली बिबडी उलटीपालटी करत राहायची मी. नणंद मात्र भिंतीकडे तोंड करून बसलेली. विटाळशी म्हणून जवळ जायचं नाही, ताटली लांबून सरकवायची. विटाळ नाही हे ठाऊक असूनही आम्ही लांबूनच सरकवत होतो.

तिसऱ्या दिवशी भर दुपारी गोणपाट रिकामं दिसलं. कधी उठली, कोणालाच ठाऊक नाही. बाहेर बसलेल्या बाईकडे बघतं कोण?

सासूबाई अनवाणीच तापीकडे धावल्या. दाई मागून, मी तिच्या मागून. वाळू नुसती पोळत होती. डोहापाशी दोघी पाण्यात बघत उभ्या राहिल्या आणि सासूबाई धापा टाकत सांगू लागल्या, की त्यांची चुलतबहीण इथूनच काढली होती, अशीच, पोटुशी. मग दाईनं सांगितलं, की काढा पिऊन एक पोर तिच्या आईच्या मांडीवर गेली. तेव्हापासून त्या झाडपाल्याला ती शिवली नाही. तीन दिवस भांडल्या, पण ही गोष्ट दोघींनीही काढली नव्हती. भीती एकच होती दोघींची.

नणंद सापडली ती नदीतल्या टरबुजाच्या वाडीत. खोपीच्या सावलीला बसून फोडलेलं टरबूज अधाशासारखी खात होती. हनुवटीवरून रस गळत होता.

"मराले नही उनू माय," ती म्हणाली. "भूक लागनी व्हती."

मला रडूच फुटलं. विधवेला कसले डोहाळे, म्हणून आम्ही कोणी विचारलंच नव्हतं. सासूबाई वाळूत तिच्यासमोर बसल्या.

"तुले काय खावानं मन व्हस?" त्यांनी विचारलं.

पोटुशीला विचारायचा तो प्रश्न होता. काढ्याचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही. आणि जन्मात खोटं न बोललेली दाई म्हणाली, की लांब खापर गावाला तिची बहीण आहे, पोरीला नवस फेडायला नेते असं ती स्वतः गावाला सांगेल. नणंदेनं हातातली फोड खाली ठेवली. जाईन, म्हणाली, पण एकटीच परत येईन. मूल इथे आणून त्याला गावाचे दगड खायला लावणार नाही.

तशीच एकटी परत आली ती. मुलगी झाली, ती दाईच्या बहिणीच्या ओळखीतल्या, सातपुड्यातल्या एका मूल नसलेल्या घरानं नेली. बरं झालं की वाईट, मला अजून ठरवता येत नाही. नणंद जगली, एवढंच मी धरून बसते.

पुढे दर उन्हाळ्यात बिबडी वाळली की सासूबाई एक डबा दाईच्या हाती खापरला पाठवायच्या. कोणासाठी, ते घरात कोणी विचारत नसे. डबा नणंद भरायची. एकही तुटकं बिबडं ती त्यात जाऊ देत नसे.