थांबाकाका आणि बिडाची शेगडी

कुठलंही काम ते "थांबा" म्हणूनच सुरू करत, म्हणून सुतारकाकांचे थांबाकाका झाले. तरुणपणी ते असे नव्हते. तेव्हा बहिणीच्या घरी त्यांनी फळ्यांच्या जमिनीवर नुसता पत्रा अंथरून शेगडी बसवली होती. पत्र्याखालचं लाकूड दोन हिवाळे आतल्या आत करपत राहिलं आणि तिसऱ्या हिवाळ्यात पेटलं. माणसं वाचली, खोली गेली. बहीण एका शब्दाने बोलली नाही. तेच त्यांच्या जिव्हारी लागलं.

यंदा निवृत्त मुख्याध्यापकांनी वरच्या बैठकीसाठी बिडाची भलीथोरली शेगडी घेतली. चार हमालांनी ती कशीबशी जिन्यापर्यंत आणली.

"थांबा," काका म्हणाले. "बैठकीच्या खाली काय आहे?"

"माझा मेहुणा."

मेहुणा आठ दिवसांसाठी आला होता, त्याला तीन वर्षं झाली होती. त्याने बैठकीत दोनदा पाय आपटून निकाल दिला, "दगड आहे दगड!"

"आणि ही जमीन मला तीस वर्षं पेलतेय," मुख्याध्यापक म्हणाले.

"तुम्ही हिंडता-फिरता, सर. शेगडी एकाच जागी बसून राहणार."

"मग हे वेगळं काय करतात?" सरांच्या पत्नी स्वयंपाकघरातून म्हणाल्या.

काका खाली मेहुण्याच्या खोलीत गेले, स्टुलावर चढले आणि छताच्या तुळईला पटाशी टोचली. ती मुठीपर्यंत आत गेली. ओंजळभर भुसा मेहुण्याच्या उशीवर सांडला. मेहुणा पांढराफटक पडला.

"वर जाड पत्रा टाकू की!" मुख्याध्यापकांनी तोडगा काढला.

काकांनी पटाशी पुसून पिशवीत टाकली. मग म्हणाले, "पत्रा ठिणगी अडवतो, सर, धग नाही. खाली विटांचा थर हवा, शेगडीच्या तोंडापुढेही हातभर. म्हणजे विटांचंही वजन आलं. आधी तुळई बदलू, तिला खालून खांब देऊ."

खांबाची जागा नेमकी पलंगावर आली. मेहुण्याने तीनदा मोजायला लावलं. तीनदा तीच आली. तेव्हा त्याला एकाएकी आठवलं, की आपल्यालाही स्वतःचं घर आहे. बाईंनी त्याची बॅग स्वतः भरून दिली.

अकरा दिवसांनी शेगडी पेटली. मुख्याध्यापक पाहुण्यांना सांगत होते, "मला पहिल्यापासूनच त्या तुळईचा संशय होता!"

काकांनी विटांच्या कडेच्या फळीवर तळवा टेकवला, बराच वेळ तसाच ठेवला. फळी गार होती.

"सर म्हणतात ते बरोबर," ते म्हणाले आणि पिशवी खांद्याला लावून जिना उतरले.