दाजींची विमानं आणि आखाजीचा झोका

जमिनीवर राहून जमिनीशी काडीचा संबंध न ठेवणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, तो म्हणजे आमच्या अक्काचा नवरा. आम्ही त्यांना दाजी म्हणायचो. अमळनेरात एका जिनिंगमध्ये कापसाच्या गाठींवर शिक्के मारणं हा त्यांचा पोटापाण्याचा उद्योग. पण लढाईच्या दिवसांत डोक्यावरून विमानं घरघरत जायला लागली आणि हा गृहस्थ जो कापसाच्या ढिगावर उताणा पडून वर बघायला लागला, तो पुन्हा म्हणून धड उठलाच नाही. लढाई संपली, इंग्रज गेला, स्वराज्यही अंगवळणी पडलं, तरी दाजींची लढाऊ विमानं आपली चालूच! बाशिंगं करणाऱ्याकडून पांढरंशुभ्र हलकं भेंड आणायचं, ते कोरून बाभळीच्या डिंकानं जोडायचं, गाठींच्या शिक्क्याची काळी शाई फासायची आणि माजघराच्या छताच्या आडव्या लाकडी कडीला दोऱ्यांनी टांगायचं. टांगायचं म्हणजे तोरणासारखं नव्हे हं! एक झेपावतंय, एक कुशीवर वळतंय, एक दुसऱ्याच्या शेपटीला लागलंय, आणि कोपऱ्यातलं एक बिचारं कापसाचा धूर सोडत खाली येतंय. वर्षानुवर्षं खाली येतंय, पण पडेल तर शपथ! दुपारी मागच्या दारातून झुळूक आली की सगळा ताफा हलके हलके डुलायचा, भिंतीवरून सावल्या सरकायच्या, आणि भाकरीचं पीठ मळणारी अक्कासुद्धा क्षणभर हात थांबवून वर बघायची. मग भानावर येऊन करवादायची, "बठ्ठं घर इमानतळ करी टाकं या मानूसनी!"

या विमानांची एक गंमत होती. पोटाकडून पाहावं तर चाकं, ठिपके, झाकणं, सगळं जिथल्या तिथं. आणि पाठ मात्र कोरी करकरीत. शाईचा एक थेंब नाही. मी एकदा स्टुलावर चढलो तेव्हा हे पाहिलं आणि खालूनच ओरडणाऱ्या दाजींना विचारलं, "अहो, वरच्या बाजूला रंग कुठाय?" दाजी म्हणाले, "वरून मी कधी पाहिलंय? जे पाहिलं नाही ते खोटं कशाला करायचं?" घ्या! भेंडाची विमानं करणारा माणूस खऱ्याखोट्याच्या गोष्टी सांगतोय!

पाहुण्यालाही त्या घरात बसायची सोय नव्हती. विमान खालूनच पाहायचं असतं, सबब आल्यागेल्यानं सतरंजीवर उताणं व्हायचं. त्यांच्या एकुलत्या एक इंदूला पाहायला साक्रीची मंडळी आली, तेव्हा दाजींनी भावी व्याह्यांना पागोटं उतरवून चक्क आडवं केलं. अक्कानं कपाळावर हात मारला. सोयरीक मोडली म्हणून मी तर चपला शोधायला लागलो. पण एस.टी.च्या धक्क्यांनी आंबलेले व्याही डुलणारी विमानं बघता बघता घोरायला लागले, ते थेट चहाच्या वेळी उठले आणि म्हणाले, "ज्या घरात परक्याला अशी झोप लागते, त्या घरची पोरगी डोळे झाकून करावी." झालं! इंदू साक्रीची झाली.

त्यानंतरची पहिली आखाजी आली. आमच्या खानदेशात आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, ही सासुरवाशिणींची दिवाळी. लेक माहेरी यायची, झोक्यावर बसायची, गाणी म्हणायची. इंदूला सख्खा भाऊ नाही, म्हणून तिला आणायला मुराळी म्हणून मी, तिचा मामा, निघालो. पण झोका बांधायचा कुठं? अंगणात झाड नाही, आणि माणसाचा भार पेलणारी घरात एकच कडी, जिच्यावर दाजींचं आख्खं युद्ध पेटलेलं! अक्कानं निर्वाणीचं सांगितलं, "एक तर ही इमानं ऱ्हातीन, नहीतर मन्ही पोरना झोका." मी साक्रीला निघालो तेव्हा दाजी कडीखाली मान वर करून उभे होते. मला त्यांचं वाईट वाटलं, अगदी मनापासून वाटलं. पण अक्काचं काय चुकलं होतं?

धुळ्याला गाडी बदलून आम्ही घरी पोचलो. माजघरात नव्या दोराचा झोका, पाटावर गोधडी, आणि कडी उघडीबोडकी. सगळी विमानं टोपल्यात घालून दाजींनी फडताळावर ठेवली होती. आता पोरगी धावत जाऊन झोक्यावर बसणार म्हणून अक्का दारातच हसत उभी. इंदूनं वर पाहिलं, तोंड कसनुसं केलं आणि उंबऱ्यातच बसून हमसून हमसून रडायला लागली. बापाकडे बघत म्हणाली, "आबा, माले वाटनं मी दुसराच घरमा उनू!" जन्मल्यापासून ज्या आभाळाखाली ती झोपली होती, तेच कुणी काढून नेलं होतं. अक्कानं पदर डोळ्यांना लावला, आणि मग स्वतःच जाऊन टोपलं उतरवलं.

त्या दुपारी आम्ही सगळ्यांनी मिळून विमानं पुन्हा टांगली, झोक्याच्या दोन्ही अंगांना, थोडी वर, थोडी दाटीवाटीनं. इंदू झोक्यावर बसली, अक्कानं झोका दिला, आणि देवा रे, काय सांगू! झोका मागेपुढे व्हायला लागला तशी कडी थरथरली, वारा उठला, आणि आजवर नुसतं डुलणारं ते सगळं सैन्य एकदम उडायलाच लागलं. मध्ये गाणं म्हणणारी इंदू आणि भोवती गिरक्या घेणारी विमानं! दाजी सतरंजीवर उताणे पडून बघत होते. त्यांच्या डोळ्यांतून पाणी कानांकडे ओघळत होतं आणि ते पुसायचं भानही त्यांना नव्हतं.

सण सरला, इंदू गेली. तिला साक्रीला पोचवून मी परत आलो तेव्हा ऊन कलतं होतं. आखाजी झाली की झोका सोडतात, पण तो अजून बांधलेलाच होता. त्यावर दाजी बसले होते आणि पायानं जमिनीला हलकेच रेटा देत होते. मी वर पाहिलं. एरवी एकमेकांच्या जिवावर उठलेली ती विमानं एकाच दिशेला निघाली होती. दाजींनी एकेक दोरा सोडवून सगळ्यांची नाकं साक्रीकडे केली होती. अक्का चुलीपुढून उठून आली, दाराला टेकून कितीतरी वेळ बघत राहिली, आणि हळूच म्हणाली, "तितलं लांब पोचतीन का हो?"

"वारा चांगला शे," दाजी म्हणाले, आणि त्यांनी पायानं आणखी एक रेटा दिला.