बसून बसवलेली धून

१९७८ साल. मी तेव्हा चौतीस वर्षांचा होतो. नाशिकरोडला एका वर्कशॉपात वेल्डिंग करत होतो आणि आमच्या वसाहतीच्या बँडात युफोनियम वाजवत होतो. युफोनियम म्हणजे मोठं पितळी वाद्य, लहान मूल घेतल्यासारखं मांडीवर घेऊन वाजवायचं. माझी शाळा तिसरीत सुटली. पण कागदावरचे सूर मी वाचतो, तेव्हाही वाचत होतो. याचा मला गर्व आहे आणि तो लपवायचं मला कारण दिसत नाही.

बँड म्हटलं की लोकांना वरात दिसते. आमचा तसला नव्हता. पलटणीच्या बँडातून रिटायर झालेले एक मास्तर देवळाली कॅम्पाजवळ राहत. मूळचे मालेगावचे. त्यांनी आम्हाला शिकवलं. विहाराच्या मागच्या खोलीत रविवारी आम्ही जमायचो. कामगार, एक कारकून, दोन शिक्षक आणि वसाहतीतली दहावी-अकरावीची पोरं. वाद्यं सगळी जुनी, बुडालेल्या एका बँड पार्टीची. मास्तरांकडे एक ट्रंक होती, तिच्यात शिकाऊ वाजवणाऱ्यांसाठी सोप्या करून छापलेल्या विलायती धुना. नावं इंग्रजीत, ती आमच्यातल्या बऱ्याच जणांना वाचता येत नसत. मग कागदावर जी खूण असेल ते नाव. एक चहाच्या डागाची, एक फाटकी, एक उंदराची. उंदराची म्हणजे उंदरानं कोपरा खाल्लेली. ती तीनच्या ठेक्याची होती आणि सगळ्यात अवघड.

वरातीच्या बँडात सगळे मिळून एकच चाल वाजवतात. इथं तसं नव्हतं. क्लॅरनेटनं चाल धरायची, मी खालून आधार द्यायचा, मध्येच चाल माझ्याकडे यायची आणि बाकीचे मागं सरायचे. पहिलं वर्षभर आम्हाला ते जमेना. चाल कानावर पडली की जो तो तिच्या मागं धावायचा. मास्तर छडीनं टेबल ठोकत आणि म्हणत, "मियाँ, तो त्याचा घास आहे. तू कशाला खातो?"

मराठीत धून बसवायची म्हणतात. मास्तर तो शब्द शब्दशः घेत. कॉन्सर्ट बसून वाजवतात, म्हणून बसवायचीही बसूनच. पाठ सरळ, पाय जमिनीला, कागद डोळ्यांसमोर. कागद ठेवायला स्टँड मी केले, वर्कशॉपातल्या टाकाऊ सळयांचे. बसलेल्या माणसाच्या छातीच्या उंचीला वेल्ड मारून पक्के केले. वरखाली होणारे करता आले असते. मी मुद्दाम केले नाहीत.

त्याचं कारण माझे वडील. त्यांना आम्ही आबा म्हणायचो. निफाडजवळच्या आमच्या गावात आबांनी अर्धं आयुष्य दुसऱ्यांच्या लग्नात डफ वाजवला. मांडवाबाहेर, उन्हात, उभं राहून. पंगती उठल्या की मग यांचं जेवण. बोलावणं आलं की घरचा माणूस आजारी असो, जायचं, कारण सुपारी घेतलेली. सुपारी म्हणजे कामाला बांधून घेणं. एकदा पानावरची सुपारी उचलली की वाजवणाऱ्याला तोंड राहत नाही. पुढं दीक्षा घेतली त्या साली आबांनी डफ बंद केला, आणि घरात कोणी वाद्याला हात लावायचा नाही असं सांगितलं. मी लावला. त्यावरून आमच्यात बरीच वर्षं बोलणं कमी होतं. मी गावी जायचो, जेवायचो, यायचो. बँडाचा विषय निघत नसे.

शेवटी मीच काढला. म्हणालो, आबा, आम्ही कागद बघून वाजवतो, खुर्चीवर बसून, आणि सुपारी घेत नाही. त्यांनी विडी पेटवली.

"बसून वाजवता?"

"बसून."

"आन् सुपारी नाय?"

"नाही."

"मंग कधी जवळपास आला तर ऐकंन. ह्यातलं एक जरी खोटं निघालं तर मी ऐकलं नाय असं समज."

त्यानंतर दोन वर्षं जवळपासचं काही ठरलं नाही. मग निफाडच्या बाजूच्या एका हायस्कुलातून निरोप आला. स्नेहसंमेलनाला बँड हवा होता. निरोप घेऊन शाळेचा शिपाई आला होता. मी त्याला दोन गोष्टी सांगितल्या: सुपारी आमच्यात नसते आणि बारा खुर्च्या लागतील. तो हो म्हणाला. मला दुसरी पाळी होती, मी निघालो. तो चहाला माझ्या मेव्हण्याकडे थांबला. मेव्हणा साईड ड्रम वाजवायचा. हात चांगला होता, पण कोणाला नाही म्हणणं त्याला जमत नसे.

संमेलन दुपारचं होतं. आबांना मी आधीच निरोप धाडला होता. आम्ही टेम्पोनं गेलो. मैदानात मंडप, मंडपात खुर्च्या, पुढं सतरंजीवर पोरं. आमच्यासाठी फाटकाजवळ चुन्याची एक रेघ मारलेली होती. तिथं उभं राहायचं आणि पाहुणे आले की वाजवत त्यांच्या पुढं चालत मंडपापर्यंत यायचं.

मी हेडमास्तरांकडे गेलो. माणूस वाईट नव्हता. धोतर सावरत इकडून तिकडे पळत होता. म्हणाला, खुर्च्या मंडपवाल्याकडून मोजून आणल्यात, पाहुण्यांनाच पुरत नाहीत. बाकं बाहेर काढायची नाहीत, गेल्या वर्षी मोडली. उभं राहून वाजवायला काय अडचण आहे?

"बसून बसवलंय, साहेब," मी म्हणालो. "उभं राहून उतरंल."

त्याला वाटलं मी चेष्टा करतोय. मग मी स्टँड दाखवले. उभ्या माणसाच्या कमरेला कागद येत होता. तो म्हणाला, खाली बसा मग. जमिनीवर बसलं तर कागद डोक्यावर. तेही त्यानं बसून बघितलं, धोतरासकट. मग म्हणाला, कागद राहू द्या, सिनेमातलं एखादं पाठ असेल ना? मेव्हणा लगेच म्हणाला, आहे की, दाजी, चार आहेत. मी त्याच्याकडे बघितलं तसा तो ड्रमचा पट्टा घट्ट करायला लागला.

मास्तर टेम्पोच्या सावलीत बसले होते. त्यांना विचारलं. ते म्हणाले, "पलटणीत मी दोन्ही केलं. चालतपण वाजवलं, बसूनपण. पण ही उंदराची चालत नाही वाजणार. तिच्यात तीन पाय आहेत, माणसाला दोन." आणि पुन्हा डोळे मिटले. निर्णय माझ्यावर टाकला.

कुंपणाच्या पलीकडे आबा उभे होते. पांढरी टोपी, हात पाठीमागं. ते कधीचे आले होते कोणास ठाऊक. आमची सगळी बोलाचाली त्यांनी ऐकली असावी, कारण हेडमास्तरांचा आवाज मोठा होता. मी त्यांच्याकडे गेलो नाही. मला वाटलं, आता हे निघून जातील. पोरांना म्हणालो, सामान टेम्पोत भरा.

आबा खरंच निघून गेले. पण थोड्या वेळानं बैलगाडीच्या बाजूनं चालत परत आले. गाडीत द्राक्षाची खोकी होती. ते ज्या बागेत छाटणीला जात, तिथली, लाकडी, रिकामी. त्या बागेची शेड शाळेच्या शेजारीच होती. फाटकातून गाडी आत घेतली, कोणाला विचारलं नाही. एकेक खोकं उभं करून रेघेच्या अलीकडे मांडलं. बारा खोकी. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "नीट बसा. फळ्या पातळ हायेत."

हेडमास्तरांनी अडवलं नाही. पाहुण्यांची जीप यायला उशीर होता, आणि खोकी त्यांची नव्हती.

पाहुणे आले ते चालत मंडपाकडे गेले. आम्ही बसून होतो. आधी चहाच्या डागाची वाजवली, मग फाटकी. लोकांना कळेना की हा बँड चालत का नाही. पोरं चालीवर टाळ्या धरायला बघत होती, मग चाल क्लॅरनेटकडून माझ्याकडे आली की त्यांच्या टाळ्या गळत. पाहुणे शेजारच्याशी बोलत होते. उंदराची सुरू केली तेव्हा मंडप जरा शांत झाला. तिच्या मध्यावर मेव्हण्याचं खोकं कडकन मोडलं आणि तो ड्रमसकट आत गेला. गुडघे वर, टिपऱ्या हातात. पोरं हसायला लागली. मेव्हणा उठला नाही. खोक्यात रुतूनच त्यानं ठेका चालू ठेवला. त्याबद्दल मी त्याला आजही मानतो. शेवटचा सूर सगळ्यांनी एकदम सोडला. मास्तरांनी छडी खाली केली. टाळ्या बेताच्या पडल्या.

आबा कुंपणाशी उभे होते. बसायला त्यांना कोणी सांगितलं नव्हतं आणि ते बसलेही नसते. आम्ही सामान आवरायला लागलो तसे आत आले. मोडलेलं खोकं उचलून बघितलं.

"ऐकलं," ते म्हणाले. "तीन पायांची लय चांगली हाय. मधी तू एकटाच वाजवतो ते बी." मग सहज विचारल्यासारखं विचारलं, "सुपारी नव्हती ना?"

मी नाही म्हणणार होतो. मेव्हणा ड्रमची खोळ हातात घेऊन तसाच उभा राहिला. आबांनी त्याच्याकडे बघितलं. मेव्हण्यानं खोळीत हात घातला आणि सुपारी काढली. शिपायानं चहा झाल्यावर त्याच्या हातावर ठेवली होती. म्हणाला, मामा, मानाची म्हणून घेतली, एवढ्या लांबून आला होता तो.

आबांनी सुपारी हातात घेतली नाही.

"मंग हे त्यांचं वाजवणं झालं," ते मला म्हणाले. "मी ऐकलं नाय."

मी म्हणालो, मला माहीत नव्हतं. ते म्हणाले, तुला नव्हतं, मला बी नव्हतं. आवाज चढला नाही. त्यांनी खोकी गाडीत भरली, मोडलेलंही घेतलं, आणि बैल वळवले. मास्तर टेम्पोत चढताना म्हणाले, बुजुर्ग का कान पक्का है. परतीच्या वाटेवर मेव्हण्यानं सुपारी माझ्या हातात दिली, ती मी शर्टाच्या खिशात ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कामावर खाडा केला आणि पहिल्या एसटीनं निफाडला गेलो. शाळेत मंडप सोडायचं काम चालू होतं. हेडमास्तरांच्या टेबलावर मी सुपारी ठेवली. ते म्हणाले, अहो, कार्यक्रम तर कालच झाला. मी म्हणालो, झाला, म्हणूनच आणली. त्यांनी बसा म्हणून खुर्ची दाखवली. मी बसलो नाही. तिथून चालत गावाकडे निघालो, आबांना सांगायला.